डब्यातला खटका

३ मार्च
चि. खारूस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या परसातल्या झाडाला कॅमेरा बांधून सुखरूप पोचलो. वहिनी म्हणते, बहिणीसाठी कधी वेळ झाला नाही, कोल्हिणीसाठी बरे धावलात! मी ऐकू न आल्यासारखं केलं. पण पंपाचं बेअरिंग गेलेलं रस्त्यावरून नुसत्या आवाजाने ओळखणाऱ्या माझ्यासारख्या पंप-मेकॅनिकला ते सोंग जमत नाही.

जुना कॅमेरा, जिन्यातल्या आपोआप लागणाऱ्या दिव्याचा सेन्सर आणि जेवणाचा डबा. विकतच्यांनी तोंडात बोटं घालावीत! समोर काही हललं की कॅमेरा आपसूक जागा होतो. कुंपणाच्या भगदाडातून रोज संध्याकाळी येणारी तुझी कोल्हीण आता पिल्लासकट सापडलीच म्हणून समज.

फोटो आले की कळव, आणि माया आहे तेवढी राहू दे.
तुझा दादा

१९ मार्च
ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या डब्याने आजवर मला, शेजारणीच्या कोंबडीला आणि वाळत घातलेल्या चादरीला पकडलं. चादरीचे इतके फोटो आलेत की तिचं लग्न जमेल. कोल्हीण पहिल्याच संध्याकाळी एका फोटोत आली, कान टवकारून थेट कॅमेऱ्याकडे बघत. मग भगदाडाकडे फिरकली नाही. काय बिनसलंय ते तूच येऊन बघ.

आता ती पिल्लाला घेऊन रस्त्यावरून वळसा घालते. काल तिला ट्रकचा धक्का लागला, दूधवाल्याने पाहिलं. मागचा पाय ओढत रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळात शिरली. पिल्लूही आतच आहे. जगेल ना रे? नोकरी संपल्यापासून संध्याकाळी माझ्याकडे येणारी ती एकटीच होती.

उत्तराला उशीर नको, लोभाला तर नकोच.
तुझी खारू

२३ मार्च
चि. खारू, आज आशीर्वाद द्यायला तोंड नाही.

तिच्या पायाला मी जबाबदार आहे. कॅमेरा जागा होताना लेन्स खट् करून बाहेर येते. बांधतानाच ऐकलं होतं. मला एवढं ऐकू येतं, तर तिला किती येत असेल! लेन्सभोवती फोमची पट्टी लावायची, एवढंच काम होतं. गिऱ्हाइकाचा पंप असा वाजता, तर दुकानाबाहेर जाऊ दिला नसता. पण खरं सांगू? तो आवाज मला आवडला. आपल्या हातची वस्तू चालते आहे, हे कानाला कळत होतं. म्हटलं, जनावराला काय त्याचं!

आता वहिनीने डब्याचं झाकण उघडलं तरी मला तोच खट् ऐकू येतो. कॅमेरा आजच काढ.

रागाव, पण लिहायचं सोडू नकोस.
दादा

३० मार्च
ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळताच डबा काढला. भगदाडापाशी पाणी ठेवलं. काल संध्याकाळी ती आली. तीन पायांवर, मागे पिल्लू. झाडाकडे बघून थबकली, मग पाणी प्यायली. फोटो नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेव.

आणि सगळा दोष एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस. तो खट् पहिल्याच संध्याकाळी मलाही ऐकू आला होता. ती का दचकली, तेही कळलं होतं. मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पट्टी कशी लावायची ते तू पत्रानेच कळवलं असतंस. नुसतं फोटो येत नाहीत म्हटलं, तर वाटलं, तू स्वतः येशील.

आता दुरुस्तीचं काही उरलेलं नाही. तरी ये.

लोभ टपालाने पुरे झाला. आता तो घेऊन दारात यावं, ही विनंती.
तुझी खारू