रविवारी गाडी आणू नकोस

प्रिय छोटू,

टिंग! बसमधल्या त्या दोरीच्या घंटीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतास. मावशीकडे जाताना अर्ध्या वाटेत तुला हमखास 'लागायची', आणि तुझी आई कंडक्टरची वाट न बघता स्वतःच उठून दोरी ओढायची. ड्रायव्हर करवादायचा, "बाई, घरची गाडी आहे का?" ती म्हणायची, "लेकरू आहे, घड्याळ नाही!" सगळी बस हसायची. आणि थांबायची.

आईची खबर तू विचारली नाहीस, तरी देतो. लघवीची ती जळजळ पुन्हा पुन्हा उलटते आहे. गोळ्या घेतल्या की उतरते, संपल्या की आगंतुक पाहुण्यासारखी परत दारात. शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, अ‍ॅक्युपंक्चर करून बघा, मात्र ताप आला तर थेट माझ्याकडे या. तू फोनवर हसलास. "बाबा, आईची टाचण्यांची उशी केलीत की!" स्पीकर चालू होता, बाळा. ती ऐकत होती. भाजी निवडणारा हात क्षणभर थांबला, एवढंच.

सुयांची खोली चपलांच्या दुकानावर आहे. केसाएवढ्या बारीक सुया. काही घोट्याच्या वर, काही ओटीपोटावर. थोडा गुण येतोय. सुयांचा की आणखी कशाचा, ते मला सांगता येणार नाही. पण सुईवाल्या बाई सुया लावून निघून जात नाहीत, शेजारी बसून बोलतात. तुझ्या आईला इतकं कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मी पडद्याबाहेर बाकावर बसून शाळेतल्या कविता पुटपुटतो. आईच्या मायेवरची सुरू केली की हल्ली मध्येच अडतो. ओळी पाठ आहेत; तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

तिथंच कानावर पडलं. बाईंनी विचारलं, "मावशी, हे उलटतं कधी?" ती मग म्हणाली, "लेकाकडे जाऊन आले की." मागोमाग सगळंच आलं. तुझी नवी गाडी, तो सरळसोट रस्ता, आणि तुझं ते, "आई, आत्ताच तर थांबलो होतो! किती वेळा?" तेव्हापासून तुझ्याकडे यायचं म्हटलं की ती पाणीच पीत नाही. गाडीत नाही, तुझ्या घरीही नाही. तिथं सारखं उठलेलं दिसतं ना. बाई वैतागल्या, "अहो, मग माझ्या सुया काय करणार? आधी पाणी प्या!" तर म्हणते कशी, "त्याचा खोळंबा होतो हो."

रविवारी तू तिला न्यायला येणार आहेस. आज सकाळी तिनं पेला तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. विचारलं तर म्हणाली, "रविवार आलाच. आतापासून सवय केलेली बरी." आजवर तुझं सगळं पोटात घातलं, छोटू. हे नाही घालता येत. म्हणून हे पत्र. गाडी आणू नकोस. ती निघेल, मी निघू देणार नाही. भेटायचंच असेल तर बसने ये, आणि तिच्यासमोर बसून तिला पेलाभर पाणी पिताना बघ.

तुझाच,
बाबा

ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच बेल वाजली. दारात तुझी बायको. एकटी, बसने आलेली, ओठ सुकलेले. नमस्कारही न करता आधी बाथरूमकडे धावली. आता आईशेजारी बसून सुईवाल्या बाईंचा पत्ता विचारते आहे. स्वतःसाठी.