वरची एक बांगडी

७८६
शाहूवाडी,
ता. १९ मे १९७४

चि. अमीन यास थोरल्या बहिणीच्या पोटभर दुआ. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. सलिमाचा खोकला कमी आला हे वाचून जीव भांड्यात पडला. वाचून म्हणजे मी न्हाय वाचलं, पोस्टमननं वाचून दावलं. तुझ्यापाशी आता काय लपवू? गेल्या दिवाळीपासनं अक्षर सगळं धुक्यात गेल्यागत दिसतंय. हे पत्रसुद्धा मी अंदाजानंच लिवतेय. ओळीवर ओळ चढली तर हसू नको.

बाळाबाईच्या हौसाचं लगीन झालं. पोरगी रांगत होती तवापासनं तिच्या हातात मीच बांगड्या भरत आले. लग्नाचा चुडा दुसऱ्या कुणाकडनं भरून घ्यायचा इचारच नव्हता त्यांच्या मनात. आदल्या दिवशी दिवेलागणीला बोलावणं आलं. माजघरात बायकांची दाटी, उजेड एका कंदिलाचा. हिरव्या म्हणून पेटीतनं काढल्या आन दोन्ही हात भरले. हात कुणाचा, माप कुठलं, हे माझ्या बोटांना बरोबर कळतंय. रंग काय बोटांना कळत न्हाय, अमीन.

सकाळी मांडवात नवऱ्याकडची आत्या ओरडली, की नवरीच्या हातात हे काळंनिळं काय भरलंय! सगळ्या निळ्या होत्या रे. हिरव्या चुड्याच्या जागी गडद निळ्या. पाक गोंधळ उडाला. मलकापूरचा कासार बोलावून आणला, माझ्या बांगड्या उतरवल्या आन त्यानं हिरव्या भरल्या. मला कुणी एक शब्द बोललं न्हाय, त्याचंच लई लागलं. मी मागच्या दारानं घरी आले.

पेटी माळ्यावर टाकलीया. तुझे दाजी गेल्यापासनं त्या पेटीवर माझी भाकरी चालली. आता काय करावं ते सुचत न्हाय. सलिमाला दुआ. माझी काळजी करत बसू नको असं लिवायचं असतं म्हणून लिवते.

तुझी बहीण,
शमशाद

७८६
कोल्हापूर,
ता. २ जून १९७४

ती. शमशादबुबूस धाकट्या अमीनचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. सलिमानं आणि मी दिव्याजवळ धरून, उलटंसुलटं करून वाचलं. दोन ओळी एकमेकींच्या अंगावर बसलेल्या, तिसरी पार कोपऱ्यात रुसून गेलेली. हसलो नाही. खरं म्हणजे सलिमा रडली आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

बुबू, तू हे दिवाळीपासून दाबून ठेवलंस, याचा मला राग आलाय. आमच्या लग्नात तू सलिमाच्या हातात इतकं तंग माप कोंबलंस की ती दोन दिवस कण्हत होती, त्या वेळी कुणी मांडवात ओरडलं का? चूक कुणाची होत नाही? पण ही चूक तुझी नव्हेच, मोतीबिंदूची आहे. मी इथल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, पिकला असला तर काढावा लागेल, काढल्यावर दिसतं. त्यांच्या दवाखान्यातला खर्च मात्र आपल्या आवाक्यातला नाही. शिरोलीला आमच्या फौंड्रीत वीजकपातीमुळं निम्मेच दिवस भट्टी पेटते, हे तुला माहीतच आहे.

पण त्याच डॉक्टरांनी एक वाट दाखवली. इथल्या व्यापाऱ्यांचं एक मंडळ दर थंडीत धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर भरवतं. हेच डॉक्टर तिथं येऊन ऑपरेशन करतात. ज्यांची मिळकत कमी आहे त्यांना ऑपरेशन, खाट, जेवण, सगळं फुकट. पुढं चष्मासुद्धा मंडळच करून देतं. तलाठ्याकडून मिळकतीचा दाखला आणायचा आणि सोबतीला एक बाई आणायची, एवढंच. सलिमा आली असती, पण तिचा खोकला अजून पुरता गेलेला नाही आणि तिथं खोकणाऱ्याला आत घेत नाहीत.

तू नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. तरी नाही म्हणू नकोस.

तुझा,
अमीन

७८६
शाहूवाडी,
ता. ३० जून १९७४

चि. अमीन यास दुआ. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमननं वाचून दावलं. दोनदा वाचायला लावलं. तुझा जीव माझ्यासाठी तुटतोय हे कळतंय. पण मी येणार न्हाय.

मी हातात बांगडी भरणारी बाई हाय, हात पसरणारी न्हवं. तुझे दाजी गेल्यावर नातेवाईक म्हणाले, आमच्याकडं येऊन ऱ्हा. गेले का मी? पेटी डोक्यावर घेऊन वाड्यावस्त्या हिंडले. आन आता म्हातारपणी तलाठ्याच्या दारात जाऊन सांगू, की मी गरीब हाय असं लिवून द्या? लोकांच्या फुकटच्या खाटेवर पडून लोकांचं फुकटचं जेवू? माझ्यानं व्हायचं न्हाय.

आन खरं सांगू का, भ्यासुद्धा वाटतंय. डोळ्याला सुरी लावणार म्हणं. हाय तेवढं उजेड-अंधार कळतंय, तेबी गेलं तर?

बाळाबाई लग्नापासनं माझ्या दारात आली न्हाय. दारापुढच्या पानंदीनं जाते तवा तिच्या जोडव्यांचा आवाज येतोय, पण पाय थांबत न्हाय. तिची काय चूक? सलिमाला सांग, आल्याचा काढा घे.

तुझी,
शमशाद

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
शाहूवाडी,
ता. २१ जुलै १९७४

अमीनभाऊस बाळाबाईचा रामराम. वि. वि.

मी हौसाची आई. तू मला वळखतोस, ल्हान असताना आमच्या परसातल्या चिंचा कोण चोरायचं ते मी इसरले न्हाय. हे पत्र मी सांगतेय आन आमचं मालक लिवत्यात. तुझी दोन्ही पत्रं पोस्टमननं वाचली, आन पोस्टमनच्या पोटात काय ऱ्हात न्हाय. म्हणून मला सगळं कळलं.

मी तुझ्या बहिणीच्या दारात गेले न्हाय त्याचं कारण येगळं हाय. पावण्यांनी मांडवात चार माणसांत तिच्या बांगड्या उतरवल्या आन मी पोरीची आई म्हणून तोंड मिटून बसले. पोरीला तिथं नांदायचं हुतं. पण शमशादपुढं जायला मला तोंड न्हवतं. ती समजली मी रागावले. दोघी शहाण्या, दोघी आपापल्या घरात रडत बसलेल्या!

गेल्या आठवड्यात गेले आन चांगलं फैलावर घेतलं. तिला म्हटलं, लगीन होऊन ह्या गावात आले तवापासनं तू माझ्या हातात बांगड्या भरतीस. दर खेपेला डझन भरून झालं की वरची एक बांगडी तू आपल्या मनानं घालतीस, दुआ देतीस, आन मी वाकून तुला नमस्कार करते. त्या वरच्या बांगडीचं कवा कुणी काय दिलं न्हाय, तू मागितलं न्हायस. मग मी ती काय भीक म्हणून घेतली? आन तू भीक म्हणून घातलीस? ह्या शिबिरवाल्यांची बी ही वरची एक बांगडी समज, मुकाट्यानं हात पुढं कर आन नमस्कार कर.

मग म्हणाली, डोळ्याला सुरी लावणार त्याचं काय? मी म्हटलं, मी उशाला बसते, डॉक्टरनं वाकडं केलं तर त्याला बघून घेते. तवा कुठं हसली.

तलाठ्याकडनं दाखला काढला. त्यानं मिळकत काय इचारली. मी माळ्यावरची पेटी काढून चावडीत नेली आन त्याच्या पुढ्यात उघडून ठेवली, म्हटलं बघा आन लिवा. त्यानं बघितलं आन लिवलं. सोबतीची बाई म्हणून मीच येणार हाय. भातकापणी उरकली की निघतो. हौसाच्या सासरी कळवलंय, पोरगी म्हणती, मावशीला घेऊन जाच.

सलिमाबाईला नमस्कार. चिंचा पिकल्या की पाठवून देते, आता चोरायला नको.

बाळाबाई

७८६
कोल्हापूर,
ता. ९ फेब्रुवारी १९७५

सौ. बाळाबाईवहिनींस अमीनचा सलाम. वि. वि.

तुम्ही शिबिरातून गावी गेल्यापासूनची हकिगत कळवतो. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं तुमच्या समोरच झाली. दुसऱ्याची पट्टी निघाल्यावर बुबूला आमच्या घरी आणली. डॉक्टरांनी वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही असं बजावलेलं. तरी ती चुलीपाशी वाकायची, आणि मग सलिमा तुमच्या नावानं धाक घालायची. डोकं हलू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या तुम्ही धरून बसायचात, ती हलली की दटावायचात, हे तिथल्या नर्सबाई अजून हसून सांगतात.

परवा मंडळानं चष्मा दिला. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा आहेत. पहिल्याच दिवशी बुबूनं कपाचा अंदाज चुकून चहा माझ्या मांडीवर ओतला. डॉक्टर म्हणाले, ह्या काचांतून सगळं मोठं आणि जवळ दिसतं, सवय होईल. मग तिनं माझ्याकडं निरखून बघितलं आणि रडायला लागली. मी घाबरलो. म्हणाली, अरे, तुझं डोकं पांढरं झालं, मला कुणी सांगितलं कसं नाही?

वहिनी, मी फौंड्रीत लोखंड ओतणारा माणूस, मला गोड बोलता येत नाही. मंडळाच्या लोकांना मी नीट आभार मानू शकलो नाही, नुसता हात जोडून उभा राहिलो. बुबूनं मात्र तिथं स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या हातांची मापं डोळ्यांवर पट्टी असतानाच चाचपून ठेवली होती. चष्मा आणायला गेली तेव्हा बाजारातून बांगड्या घेऊन सगळ्यांना आपल्या हातानं भरल्या. त्याही वरच्या एकीसकट.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशीसुद्धा रंग तिनं सलिमाला निवडायला लावले. घरी सलिमानं हिरव्या आणि निळ्या बांगड्या पुढं ठेवून ओळख म्हटलं, तर बुबूनं तोंड फिरवलं. म्हणाली, आता चुकलं तर पेटी कायमची बंद. हौसा सातव्या महिन्याची ओटी भरायला माहेरी येणार आहे ना, तिच्या हातात भरतानाच काय ते कळेल. डॉक्टर सांगतात रंग दिसणार, पण तिला अजून भरवसा नाही. पुढच्या आठवड्यात तिला गावच्या एस.टी.त बसवतो. तुम्ही स्टँडवर उतरवून घ्या.

आमच्यावर तुमचं आभाळाएवढं ऋण आहे. ते फेडायचं म्हटलं तर तुम्ही मारायला उठाल, म्हणून गप्प बसतो.

आपला,
अमीन

७८६
शाहूवाडी,
ता. १६ मार्च १९७५

चि. अमीन यास आन सौ. सलिमाला पोटभर दुआ. वि. वि.

बघ, ओळी सरळ हायत का? एकबी दुसरीच्या अंगावर बसलेली न्हाय. तुझं पत्रबी मीच वाचलं. पोस्टमन जरा हिरमुसला, त्याच्याकडं गावाला सांगायला काय उरलं न्हाय.

काल हौसाची ओटी भरली. घर माणसांनी भरलेलं, आन सासरकडची ती मांडवातली आत्यासुद्धा आलेली. मी पेटी उचलून दारात उन्हाला आणली. चष्मा पुसला. एका कप्प्यात हिरव्या हुत्या, अमीन, कवळ्या भातासारख्या हिरव्या. शेजारच्या कप्प्यात निळ्या. दोन्ही येगळ्या दिसत हुत्या. मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण आत्या बघत हुती म्हणून आवरलं.

हौसाचा हात हातात घेतला. लग्नाच्या हिरव्या चुड्यातल्या निम्म्या बांगड्या कामाधामात गेलेल्या. आन उरलेल्यांत मधेच एक येगळी दिसली. वाटलं, झालं, डोळं पुन्हा फसवायला लागलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. तरी ती निळीच. शेवटी हौसालाच इचारलं, की बाई, हिरव्यांत ही एक मला निळी दिसतीया, व्हय का न्हाय ते खरं सांग.

हौसा म्हणाली, व्हय मावशी, निळीच हाय. त्या दिवशी मांडवात कासार सगळ्या बांगड्या उतरवत हुता, तवा तिनं एक उतरवू दिली न्हाय. त्याला म्हणाली, ही डझनातली न्हवं, ही मावशीनं वरची म्हणून घातलेली हाय, ही ऱ्हाऊ दे. आत्या चिडली, सासू रागावली, तरी पोरीनं हात मुठीत धरून ठेवला. तवापासनं दळण, कांडण, शेण, सगळं त्याच हातानं केलं, पण ती फुटू दिली न्हाय. आन बाळाबाईला हे सगळं ठावं! तिला झापलं, की एवढ्या दिवसांत मला सांगितलं का न्हाईस? तर म्हणती, तुझ्या डोळ्यांना दिसायची हुती, मी कशाला तोंडानं सांगू?

मग मात्र मी कुणाची लाज धरली न्हाय. हौसाला पोटाशी धरून रडले. बाळाबाई रडली. आत्यानं पदर डोळ्याला लावला आन म्हणाली धूर झालाय.

चुडा भरला, सगळ्या हिरव्या. वरची एक भरताना हौसानं इचारलं की कुठली घालणार. मी निळीच घातली. ह्या खेपेला बघून.

डॉक्टरसाहेबांना आन मंडळाच्या लोकांना माझा सलाम सांग. त्यांच्या घरच्या बायकांच्या हाताची मापं इचारून कळव. पेटी आता माळ्यावर न्हाय, उंबऱ्यापाशी हाय. तू डोक्याला तेल लावत जा, पांढरं केस तरी चकाकतील. माया हाय तशीच ऱ्हाऊ दे, आन पत्र बारीक अक्षरात लिवलंस तरी चालेल.

तुझी थोरली बहीण,
शमशाद