शालनचं पळणं आणि माझा रिसर्च

३ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
शाळा नववीत सुटली, त्यामुळं डोकं नवं कोरं आहे. सध्या खारघरला नंदिनी मॅडमची गाडी चालवतो. मॅडम प्रोफेसर. त्यांची लाईन म्हणजे खेळाचं सायन्स आणि बायका, त्याचा इतिहास. अशीपण लाईन असते आणि त्यात पगार मिळतो, हे आमच्या गावाकडं भूमला कुणाला पटणार नाही. ड्रायव्हिंग तात्पुरतं. आपण याच लाईनीत जायचं.

६ नोव्हेंबर
मॅडम मागच्या सीटवर जुनी इंग्रजी पुस्तकं मराठी करून मोबाईलमध्ये बोलतात. मी फुकट शिकतो. आजचं : बाईच्या अंगात ताकद मोजकी असते, पळण्यात खर्चली की लेकरांना उरत नाही. डॉक्टरनं लिहिलंय. मॅडम बोलता बोलता हसत होत्या. लई शिकल्यावर होत असेल.
गावी माझी बायको शालन पोलीस भरतीची तयारी करतेय. आठशे मीटर. फॉर्म नवी मुंबईचा, मैदान कळंबोलीला, माझ्या खोलीच्या जवळ. लागली तर दोघं एका छताखाली. हुकली तर संसार फोनवरच. म्हणजे जबाबदारी माझी. लगेच फोन केला : ताकद जपून पळ. म्हणाली, बरं.

७ नोव्हेंबर
उशीर झाला उठायला.

१५ नोव्हेंबर
नवीन पॉइंट. तोंड उघडं ठेवून पळालं तर बाईचा चेहरा वाकडा होतो, तसाच राहतो. शालनला सांगितलं, तोंड मिटून पळ. म्हणाली, बरं. मागून पोरींचा आवाज येत होता. टीव्ही असेल.
रूम पार्टनर मितेश म्हणाला, प्रोफेसर, आज भांडी तुमची.

२८ नोव्हेंबर
मॅडमकडं वाचायला पुस्तक मागितलं. खूश झाल्या, मराठी शोधून दिलं. पान तीन झालं. लेखकाला घाई नाही, आपल्याला का असावी.

९ डिसेंबर
कॉलेजात मॅडमचं भाषण. गाडीत थांब म्हणाल्या होत्या, पण एका लाईनीतले म्हणून मी मागच्या खुर्चीत बसलो. शेवटी एक मोठे सर उठून म्हणाले, बायका पळायला लागल्या, चांगलं झालं, पण त्यात इतिहास काय आणि सायन्स काय? सगळे हसले. मी पण हसलो. मोठा माणूस हसला की हसायची सवय आहे. मॅडमनी बघितलं.
येताना तुर्भ्याच्या सिग्नलला म्हणाल्या, या सरांनी हाच प्रश्न माझ्या प्रमोशनच्या मुलाखतीत विचारला होता. तेव्हापण असेच हसले.
मी म्हटलं, मॅडम, टेन्शन नका घेऊ, मी आहे ना. त्यांनी खिडकीची काच खाली केली. धीर आला असणार.

२ जानेवारी
नवीन वर्ष. पहाटे उठणे. तंबाखू बंद. पुस्तक पूर्ण.
शालनचा टाइम कमी झाला. आपली पद्धत लागू पडतेय. तिला सांगितलं, आता महिनाभर पळूच नको, ताकद साठव. म्हणाली, बरं.

४ जानेवारी
तंबाखू अचानक सोडली तर शरीराला धक्का बसतो. हे पण सायन्सच आहे.

११ फेब्रुवारी
शालनचं मैदान झालं, म्हणजे पळायची परीक्षा. आत नातेवाइकांना सोडत नाहीत, मी गेटवर. शालन ग्रुपमध्ये दुसरी आली. मी गेटवरच्या हवालदाराला सांगितलं, माझंच ट्रेनिंग. तो म्हणाला, बाजूला व्हा, गाडी येतेय.
शालनला पळासप्याच्या फाट्यावर गावच्या एसटीत बसवायचं म्हणून मॅडमनी दोघांना गाडीत घेतलं. चालवायला मीच. शालनला विचारलं, प्रॅक्टिस कशी केलीस गं? शालन म्हणाली, सकाळी आम्ही दहा पोरी, टाकीमागच्या माळावर. ह्यांचा फोन आला की स्पीकर लावायचे. हसून हसून पोरींचा दम वाढला. जे नको म्हणतील ते आम्ही दुप्पट करायचो. सगळं रेकॉर्ड केलंय, लावू का?
लावलं. पळासप्यापर्यंत माझाच आवाज. मॅडम डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या. मला म्हणाल्या, धर्मराज, ही मतं शंभर वर्षांपूर्वीची आहेत, चुकीची ठरलेली. मी ती खोडून काढायला वाचते.
मग आधी सांगायचं ना.
मॅडमनी रेकॉर्डिंग मागून घेतलं. परवानगी शालनला विचारली. आवाज माझा, परवानगी तिची. म्हणाल्या, पुढच्या भाषणात त्या सरांना हेच ऐकवते, यात इतिहास काय ते कळेल त्यांना.
म्हणजे कामाला आलोच.

१९ एप्रिल
शालनचं नाव लिस्टमध्ये लागलं. मी पेढे वाटले. मितेशनं दोन घेतले आणि अभिनंदन शालनला फोन करून केलं.
पण आधी कित्येक महिने ट्रेनिंग, लांब कुठंतरी. मी म्हटलं, काळजी करू नको, रोज फोन करून पॉइंट सांगत जाईन. शालन म्हणाली, तिथं फोन जमा करून घेतात म्हणे.
हे सांगताना ती एवढी खूश का होती, ते काही कळलं नाही.