श्वासावर वाढलेली सावली

३ मे
या सावलीचा खरा खर्च असा: रोज दोन बादल्या पाणी, एक पंप आणि घरात राहणाऱ्यांचा उच्छ्वास. इमारतीच्या पश्चिम भिंतीवर काचेच्या पेट्या बसवल्यात. आत हिरवं पाणी, त्यात जिवंत शेवाळ. खोलीतली वापरलेली हवा पंप त्या पाण्यात सोडतो; ताजी खिडकीच्या फटींतून येते. शेवाळ ती खातं, दाट होतं आणि ऊन अडवतं. मी इथला नवा देखभालवाला. हमालीपासून इथवर आलो, पण फुकटची थंडगार खोली पहिल्यांदाच मिळाली. ही म्हणाली, अहो, तुमच्या घोरण्याचा अखेर कुणाला तरी उपयोग झाला.

६ मे
रिकाम्या घरांपुढच्या पेट्या दोन दिवसांत फिकट पडतात. उपाशी राहणार, दुसरं काय. आमची सगळ्यांत दाट व्हावी, श्वास बाहेर वाया जाऊ नये, म्हणून मी खिडकीच्या फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. इंजिनिअरसाहेबांना ठणकावून सांगितलं, दगड झालीय, काढायची तर छिन्नीच लागेल. त्यांनी पाठ थोपटली.

१० मे
शेवाळानं खरं तर उन्हाकडे सरकायला हवं. आमचं आतल्या काचेला चिकटलंय, नेमकं पलंगाच्या उंचीला. दोन आडवे डाग, एक लांब, एक आखूड. खरवडले. सकाळी पुन्हा तिथेच. हिला दाखवले. आखूड कोण ते कळलं हो, म्हणाली, आणि कूस बदलून झोपली. दुपारचे बारा वाजले होते.

१३ मे
ही आता भांडत नाही. भाजी करपली, मी टोमणा मारला, तर ही ताट सारून आडवी झाली. माझेही हातपाय जड. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई दारातूनच म्हणाल्या, दादा, हवा किती कोंदलीय, वहिनींना जरा बाहेर न्या. बरं म्हणालो. नेलं नाही. लांबी काढायला हवी. छिन्नी तळघरात आहे. उद्या.

१५ मे
कान माझे पहिल्यापासून तिखट. बुडबुड्यांना दोन लयी आहेत. मी श्वास रोखला, एक थांबली. दुसरी हिची, फार सावकाश. भीती वाटायला हवी होती. छिन्नी — उद्या —

१६ मे
एकच लय. हिला हाक मारली. बहुतेक मारली —

१८ मे
आखूड डाग फिकट पडलाय.
उठलो. तळघरापर्यंत जाववेना. नुसतं बोट लावलं. लांबी नखानं निघाली. आतून ओलीच होती, पहिल्या दिवसापासून. कधीही —