गाळलेलं वाक्य

साहेब,

आमच्याकडे नॉर्वेत मंत्र्यालाही नावानं हाक मारतात, असं तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते कधी जमलं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आता काय जमणार. मराठीत लिहितेय, कारण तुम्हाला मराठी येत नव्हती आणि हे तुमच्यासमोर इंग्रजीत बोलायचं धैर्य मला कधी झालं नाही.

तुमची कारकीर्द मला पाठ आहे. कुठल्याही कार्यक्रमाआधी तुमचा परिचय टाइप करून मीच पाठवायची. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटावर कोळ्याच्या घरी जन्म, तेविसाव्या वर्षी गावच्या परिषदेवर, मग संसदेत, दोनदा मत्स्यव्यवसाय मंत्री, त्यानंतर सिंगापूरला राजदूत. निवडणुकीत तुमच्याच गावानं तुम्हाला पाडलं, हे त्या परिचयात नव्हतं. ते तुम्ही मला तुमच्या घरच्या स्वयंपाकघरात सांगितलंत, बटाटे सोलता सोलता. "साधा माणूस हरला की घरी जातो. राजकारणी हरला की त्याला लांब पाठवतात," म्हणालात आणि हसलात. मी तेव्हा पुण्याहून सिंगापूरला नुकतीच आलेली. नवऱ्याची नोकरी चांगी बिझनेस पार्कमध्ये, आमचं घर मरीन परेडला भाड्याचं, आणि तुमच्या ऑफिसातली टायपिस्टची नोकरी मला नशिबानं मिळालेली. पहिल्याच महिन्यात एका अहवालात मी 'जीवितहानी झाली' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं, तर तुम्ही कागद माझ्या टेबलावर परत आणून ठेवलात. "माणसं मारली गेली ना? मग तसंच लिही. मऊ शब्दांनी मेलेल्यांचं काही भलं होत नाही." मला रडू आलं होतं. पण लिहायला मी त्या दिवशी शिकले.

मग त्या बैठका सुरू झाल्या. एका देशातलं सरकार आणि तिथले बंडखोर, दोघांनाही उघडपणे भेटता येत नव्हतं, म्हणून ते तुमच्या घरी भेटायचे. तुम्ही स्वतः मासे उकडून त्यांना वाढायचात. समोरासमोर बसून जेवलेला माणूस लगेच गोळी घालत नाही, असं तुम्हाला मनापासून वाटत होतं. गावकऱ्यांच्या वतीनं एक शाळामास्तरीण यायची, सुती साडीतली, पस्तिशीची. मी कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायची. शेवटच्या बैठकीत ती म्हणाली, "मी इथे बोलले हे तिकडे कळलंय. मला आता गावी जायची भीती वाटते." तुम्ही समोरची प्लेट बाजूला केलीत. "तुम्ही जा. तुम्हाला कोणी हात लावणार नाही. मी दोन्ही बाजूंकडून शब्द घेतलाय." मी ते जसंच्या तसं उतरवलं. तिनं तुमच्याकडे पाहून मान हलवली. त्या नजरेत इतका विश्वास होता की मला उगाचच अवघडल्यासारखं झालं.

तीन आठवड्यांनी तिला तिच्या शाळेच्या फाटकाशी गोळ्या घातल्या. बातमी आली तेव्हा तुम्ही खोलीचं दार लावून घेतलंत. दुपारी बाहेर आलात ते बैठकीचे मिनिट्स हातात घेऊनच. तुम्ही तिला दिलेल्या शब्दाचं ते एक वाक्य पेन्सिलीनं खोडलेलं होतं. "हे राहिलं तर आम्ही शब्द मोडला असं होईल, मग कोणीच परत टेबलाशी बसणार नाही. पान नव्यानं टाइप कर." मी विचारलं, "आणि त्या बाई?" तुम्ही म्हणालात, "त्यांच्यासाठी आता काही करता येत नाही." मी पान घेऊन माझ्या टेबलाशी आले. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आपण नोकरीच्या पासवर राहतो इथे, नोकरी गेली की परत. सांगितलंय तेवढं कर." मी केलं. दहा मिनिटांचं काम होतं.

परत टेबलाशी कोणी बसलंच नाही. तिकडे लढाई पेटली ती वर्षानुवर्षं चालली. तुम्हाला युरोपातल्या मोठ्या राजधानीत नेमणूक मिळाली, मग पदक. जाताना तुम्ही मला तुमच्या बायकोनं विणलेला जाड लोकरी स्वेटर दिलात. बारा महिने उकडणाऱ्या या गावात स्वेटर. तुम्ही गेल्यावरचे मृत्युलेख मी शोधून शोधून वाचले. सगळ्यांनी लिहिलं होतं, दिलेला शब्द पाळणारा माणूस.

गेल्या रविवारी तिची मुलगी मला भेटली. तेव्हा नऊ वर्षांची होती, आता इथेच जुरोंग ईस्टला नोकरी करते. सरकारी दप्तरातले ते जुने कागद आता कोणालाही बघायला मिळतात, त्यात हजर असलेल्यांत माझं नाव तिला सापडलं. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांमधल्या एका टेबलाशी, समोर बसून तिनं फोटोकॉपी पुढे सरकवली. म्हणाली, "आईनं आजीला फोन केला होता. त्या साहेबांनी शब्द दिलाय, मी येतेय, असं म्हणाली होती. या कागदात तो शब्द नाही. घरात सगळे म्हणतात, तिनं आमची भीती जावी म्हणून खोटं सांगितलं. खोटं होतं का ते?"

मी म्हटलं, "नाही. शब्द दिला होता. मी माझ्या कानांनी ऐकलाय." ती रडली नाही. तिनं कागदाची घडी घातली, परत उलगडली. "मग गेला कुठे?" मी तुमचं नाव घेतलं. मेलेल्या माणसाचं नाव घेणं किती सोपं असतं, साहेब. तुमच्यावर माझा राग आहे आणि तुमची अजून आठवण येते, दोन्ही खरं आहे. तुम्ही वाईट नव्हतात. तुम्ही घाबरलात, आणि तुमच्या भीतीला देशहिताचं नाव देता आलं. माझ्या भीतीला तेवढंही नाव नव्हतं.

हे पत्र कुठे टाकणार? लिहून झालं की फाडीन. पण एक गोष्ट राहिली. उठताना तिनं विचारलं, "आंटी, ते पान नव्यानं टाइप कोणी केलं?"

ऑफिसात टाइप करणाऱ्या आम्ही दोघी होतो. मी म्हटलं, आठवत नाही.