दुसऱ्या बगळ्याचं मुंडकं

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो सध्या कागदावरच स्वीकारावा.) पत्र लिहायचं चार महिने टाळलं हे आधीच कबूल करतो. पहिल्या महिन्यात पत्ता नव्हता, दुसऱ्यात पेन नव्हतं, तिसऱ्यात दोन्ही होतं पण तोंड नव्हतं, आणि चौथ्यात कळलं की तुम्ही मामीला घरी ठेवून ताईकडे राहायला गेलात, म्हणजे पुन्हा पत्त्यापासून सुरुवात. गुडघा काय म्हणतो? ताईच्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलंय, की आता चालू वस्तू उघडायला घेतल्यात? जावईबापूंना म्हणावं, रेडिओ लपवून ठेवा.

मी सध्या एका भरतकामाच्या कारखान्यात आहे. (मधे एका बेकरीत होतो, आणि नऊ दिवस एका गृहस्थांच्या कबुतरांवर लक्ष ठेवत होतो. कबुतरांनी माझ्यावर जास्त ठेवलं. पण ते असो.) कारखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाई बसतात, त्या मालकीण. आतल्या खोलीत भरतकामाचं यंत्र, त्याला जोडलेला एक म्हातारा कॉम्प्युटर आणि त्या दोघांसमोर खुर्ची टाकून बाईंचे यजमान, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. नक्षी मास्तर काढायचे. 'काढायचे' म्हणतो, कारण मास्तरांची नजर चाललीये. दर महिन्याला थोडी कमी. डॉक्टरांनी सांगितलंय, यात आता परत फिरणं नाही. तर नजर होती तेव्हा त्यांनी दोन वर्षं खपून एकच शेवटची नक्षी काढली: पाण्यात उभी बगळ्यांची जोडी, बेचाळीस हजार टाके. ती कापडावर उतरलेली दिसावी, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मामा, ती उतरत नाही. पहिला बगळा झकास येतो, दुसऱ्याचे पाय येतात, पोट येतं, मान येते, आणि मानेवर कॉम्प्युटर म्हणतो, मेमरी संपली. असे मुंडकं नसलेले सात बगळे इथे झाले आहेत. यंत्र पुसायला आम्ही तीच फडकी वापरतो. मुंडकं वेगळं भरूनही पाहिलं. ते मानेपासून दोन बोटं बाजूला पडलं, आणि बगळा स्वतःच्याच डोक्याकडे संशयाने बघतोय असं दिसायला लागलं.

नवा कॉम्प्युटर घ्या म्हणाल. यंत्राचं कार्ड ज्या खाचेत बसतं, ती खाच नव्यात नसते. दुकानातला पोरगा आला, बघितलं, हसला आणि गेला. तेव्हा मी पुढे झालो. (तुम्हाला ठाऊकच आहे, कुणी मागे सरकलं की माझा पाय आपोआप पुढे पडतो.) मी बाईंना सांगितलं, की असल्या जुन्या कॉम्प्युटरांवर माझा हात बसलेला आहे, मी माझ्या मामांच्या हाताखाली तयार झालो. तुमच्या हाताखाली मी फक्त बॅटरी धरायचो आणि तीही भलतीकडे, हे सांगायचं राहून गेलं.

पण एक गोष्ट लक्षात होती. तुम्ही म्हणाला होतात, जुना कॉम्प्युटर म्हणजे एक पुढची खोली आणि वर माळा. सगळे येऊन पुढच्याच खोलीत बसतात नि जागा नाही म्हणून ओरडतात. मेमरी सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे हमाल, सामान उचलून माळ्यावर टाकतो. झालं! भंगारवाल्याकडून मेमरीच्या पट्ट्या आणल्या, म्हणजे माळा मोठा केला. हमालाची फ्लॉपीही तिथेच मिळाली. बाईंनी खोली झाडली, मास्तरांनी चष्मा तीनदा पुसला, कोरं कापड ताणून लावलं. मी बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी आल्या: या कॉम्प्युटरला लागतो तो प्रोसेसर नाही, प्रोग्राम चालणार नाही. आपला हा निघाला टू-एट्टी-सिक्स. माळा आहे हो, पण शिडी नाही! आणि हा हमाल शिडीशिवाय चढत नाही, नि शिडी फक्त त्याच्या पुढच्या पिढीच्या, थ्री-एट्टी-सिक्सच्या घरात असते. हे तुम्ही तेव्हा सांगितलंही असेल. मी बॅटरी धरून खिडकीबाहेर बघत असेन.

मास्तर म्हणाले, "काय म्हणतंय रे?"

मी म्हणालो, "थोडं थांबा म्हणतंय."

आज अकरावा दिवस. मास्तर रोज सकाळी चहा घेऊन यंत्रासमोर बसतात आणि विचारतात, "अजून थांबाच म्हणतंय का?" मी हो म्हणतो. मामा, मी बऱ्याच ठिकाणांहून पळालो आहे, पण इथून पाय निघत नाही. आणि थांबवतही नाही.

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार, तिच्या पोरांना पाठीत एकेक धपाटा.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जी कॉम्प्युटरची पेटी झाकून ठेवलेली असते, जिच्यावर तुम्ही मामीला साधं पाण्याचं भांडं ठेवू देत नाही, ती थ्री-एट्टी-सिक्सच आहे ना, कार्डाची खाच असलेली? सहज विचारतो. चार दिवसांपूर्वी मामीलाही फोनवर सहजच विचारलं होतं. मास्तरांचं सांगितलं, तर तिने फक्त इथला पत्ता उतरवून घेतला. पत्ता कशाला, हे आता वाटतं तेव्हाच विचारायला हवं होतं.

ता. क. दुसरा: आत्ता मास्तरांना सगळं खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "अरे, अक्षरं नाही दिसत, पण ओळी मोजता येतात मला. दोन ओळींचं 'थांबा' कुठे असतं का? तू पळतोस का तेवढं बघत होतो."

ता. क. तिसरा, घाईत: मामा, दारात मामी उभी आहे! कडेवर मूल घ्यावं तशी तुमची पेटी घेऊन, शालीत गुंडाळून. बाईंना म्हणाली, "वीस वर्षं अर्धं टेबल अडवून बसलंय, आता जरा कामाला लागू दे." पेटी जोडली. दिवा लागला. पण पुढे काही टाइप होत नाही, कारण कीबोर्ड बंद करणारं पेटीवरचं कुलूप लावलेलं आहे आणि त्याची किल्ली, मामी म्हणते, तुमच्या चष्म्याच्या घरात असते. मास्तर म्हणताहेत, ज्यांची पेटी आहे त्यांच्या हातूनच उघडू दे, मी थांबतो. मामीने मात्र बाईंकडे स्क्रूड्रायव्हर मागितला आहे. मी तो पाठीमागे लपवून उभा आहे आणि हे एका हाताने लिहितो आहे. किल्ली पोस्टाने नको, घेऊनच या. बॅटरी मी धरतो.