लिहिणाऱ्याने गप्प बसायचं

रवि. ९ नोव्हेंबर
शाहूपुरीच्या वाचनालयातला लेखनाचा वर्ग. सगळी कॉलेजची पोरं, सातवी पास म्हातारा मी एकटा. आज माझा कागद वाचला. नियम असा की वाचून झालं की लिहिणाऱ्याने गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. कोल्हापुरात असला नियम!
धाकट्या भावावर लिहिलं होतं, दत्तूवर. आई आजारी असताना माझ्या घरातून पाठीवर घेऊन गेला, चंदगडला, त्याच्या घरी. मी दारात ओरडत होतो. ती तिथेच वारली. तेव्हापासून बोलणं बंद.
पोरांना दत्तूच आवडला! "आजोबा, म्हातारी पाठीवर हसत हसत जिना उतरतीया, नादखुळा!"
नादखुळा म्हणे.
मग त्यातल्या वैष्णवीने विचारलं, "ह्यो थोरला भाऊ नंतर आईला बघायला गेलाच न्हाई काय?"
नियम होता, म्हणून गप्प बसलो.

सोम. १०
डोकं फिरलंय. ती हसत गेली, मग मी मागे कशाला जायचं होतं? तिच्या हसण्याच्या वाक्यावर काट मारली. वर्ग घेणाऱ्या मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "ते काढू नका, आजोबा. तेवढंच जिवंत आहे." म्हणजे बाकीचं मेलेलं? बी.पी. वाढलं असणार. गोळी घेतली.

गुरु. १३
वैष्णवीचा फोन. गावी गेली आहे, चंदगडला. "आजोबा, त्यो दत्तू म्हंजे आमच्या गल्लीतलं दत्तूतात्या की! कागद दावू काय?"
"हात लावून तर बघ!"
"दावला की. म्हंजे... वाचूनच दावला."
वर्गात सगळ्यांना कागदाच्या झेरॉक्स वाटतात तिथेच चुकतं. रागाने फोन बंद केला. दत्तू काय म्हणाला ते राहिलंच. विचारणार नाही.

शुक्र. १४
विचारलं वैष्णवीला. दत्तू मधे एक शब्द बोलला नाही म्हणे. शेवटी म्हणाला, "अण्णाला सांग, आई हसत न्हवती. जिना संपंस्तवर रडत हुती. माजी मान भिजली."
खोटारडा! मी दारात होतो. पाठमोरी होती, पण खांदे हलताना बघितले मी.
खांदे...
रविवारी वर्गाला येतोय म्हणे.

शनि. १५
नवा कागद घेतला. 'तिचे खांदे हलत होते' एवढंच लिहिलं. पुढे सरकेना. सून म्हणते, "मामा, जेवून घ्या." कुणाला भूक आहे?

रवि. १६
वाचनालयाच्या हॉलमध्येच लिहितोय. दत्तू आलाय. दोन खुर्च्या सोडून बसलाय, टोपी मांडीवर. केस पार पांढरे झालेत. माझ्याकडे बघत नाही.
मॅडम म्हणाल्या, "चहा झाला की पाहुणे बोलतील."
तो म्हणाला, "बोलतो की. पण अण्णा मधे तोंड घालणार न्हाई न्हवं?"
पोरं हसली. मी उठलोच होतो. मॅडमनी ओठावर बोट ठेवलं.
बसलो.
त्याने कप खाली ठेवला.